डेव्हिड क्रॉकेट, आमदार: टोपीखाली झाकला गेलेला जमिनीचा प्रश्न

तिरफळ:

डेव्ही क्रॉकेट म्हटलं की रॅकूनच्या कातड्याची शेपटीवाली टोपी आणि टेक्सासमधल्या अलामो किल्ल्याचा वेढा, एवढंच बहुतेकांना आठवतं. टोपी घराघरांत पोचली ती १९५०च्या दशकातल्या एका टीव्ही मालिकेमुळे. अलामो म्हणजे त्याच्या आयुष्याचे शेवटचे काही आठवडे. मला हा माणूस वाचावासा वाटला तो वेगळ्याच कारणाने. १८२१ आणि १८२३ असा दोनदा तो अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या विधानसभेवर निवडून आला. पुढे वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये (म्हणजे अमेरिकेच्या संसदेत) गेल्यावरही त्याने जे एकच घोडं दामटलं, ते या आमदारकीतच जुंपलेलं होतं: ज्याने जंगल तोडून शेत केलं, पण ज्याच्याकडे कागद नाही, त्याची जमीन कोणाची?

त्याचा जन्म १७ ऑगस्ट १७८६चा, नोलीचकी नदीकाठचा. टेनेसी नावाचं राज्य तेव्हा नव्हतंच, ते १७९६ साली झालं. बाप जॉन क्रॉकेट रस्त्यावरची खाणावळ चालवायचा आणि कायम कर्जात असायचा. बाराव्या वर्षी पोराला गुरं हाकायला एका माणसाबरोबर व्हर्जिनियाला धाडला. परतल्यावर शाळेत घातला, तर चार दिवसांत मारामारी, मग शाळा चुकवणं, बापाच्या छडीला भिऊन पळ, तो थेट १८०२ साली घरी. आल्यावर बापाचं ३६ डॉलरचं कर्ज एकाकडे सहा महिने राबून फेडलं. मग दुसऱ्या एका, क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या शेतकऱ्याचं ४० डॉलरचं देणं निघालं, तेही बापाला न सांगता राबून फेडलं आणि चिठ्ठी आणून हातात दिली. त्याच क्वेकराच्या मुलाकडे मग सहा महिने शिकला, आठवड्यात चार दिवस शाळा आणि दोन दिवस फीबदली काम. शिक्षण म्हणायचं तर एवढंच.

१८१३-१४ मध्ये तो अँड्र्यू जॅक्सनच्या (हाच पुढे राष्ट्राध्यक्ष झाला) हाताखाली क्रीक या स्थानिक जमातीविरुद्ध लढला. टालुशाची या क्रीक गावातली कत्तल त्याने स्वतः लिहून ठेवली आहे, आणि ती वाचवत नाही. पहिली बायको पॉली १८१५ साली वारली. दुसरी एलिझाबेथ पॅटन, तिचा नवरा त्याच युद्धात गेला होता. तिच्याकडे थोडे पैसे होते आणि व्यवहाराची अक्कल त्याच्यापेक्षा जास्त होती.

१८१७ साली हे कुटुंब शोल क्रीक नावाच्या ओढ्याकाठी गेलं. तिथे ना कोर्ट, ना शिपाई. वस्तीतल्या लोकांनी आपसांतच न्यायनिवाडा करणारे नेमले, त्यात हा. नंतर विधिमंडळाने तिथे लॉरेन्स काउंटी (म्हणजे जिल्हा) केली आणि याची रीतसर नेमणूक झाली. याला वॉरंट लिहिता येत नव्हतं, तेव्हा तोंडी हुकूम आणि माणूस पकडून आण. आपल्या एकाही निकालावर अपील झालं नाही, असं तो पुढे अभिमानाने सांगायचा. कायदा नाही, उपजत शहाणपण, हे त्याचं भांडवल.

राजकारणात येण्याचा किस्सा फक्कड आहे. मॅथ्यूज नावाच्या कॅप्टनला मिलिशियाचा, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या फौजेचा, कर्नल व्हायचं होतं. त्याने क्रॉकेटला गळ घातली की तू माझ्याबरोबर मेजरला उभा राहा. हा तयार झाला. मग कळलं की मेजरच्या जागेसाठी मॅथ्यूजचा पोरगाच उभा आहे. क्रॉकेटने भर सभेत सांगितलं, आता खानदानाशीच लढायचंय तर थेट बापाशी लढतो. आणि कर्नल झाला. 'कर्नल क्रॉकेट' ही पदवी तिथली.

१८२१ साली लॉरेन्स आणि हिकमन या दोन काउंट्यांतून तो विधानसभेला उभा राहिला. राज्यकारभार म्हणजे काय, याची त्याला सुतराम कल्पना नव्हती आणि हे त्याने कधी लपवलं नाही. डक नदीवर खारींच्या शिकारीची पैज लागली, हरणाऱ्या बाजूने जेवण घालायचं. मग भाषण करा म्हणाले. प्रतिस्पर्धी बोलायला पटाईत. हा उभा राहिला, दोन वाक्यांत अडकला. मग म्हणाला, एक माणूस रस्त्याच्या कडेला रिकामं पिंप बडवत बसला होता. का रे बाबा? तर म्हणे परवापर्यंत यात सायडर, सफरचंदाची दारू, होती, अजून आहे का बघतोय. तसं माझं, मघापर्यंत भाषण होतं आत, आता बाहेर निघेना. लोक हसून लोळले. दोन-चार गोष्टी सांगून म्हणाला, घसा कोरडा पडलाय, चला काहीतरी घेऊ. अख्खी सभा दारूच्या पिंपाकडे वळली आणि प्रतिस्पर्ध्यापुढे चारदोन डोकी उरली. निवडून आला दुपटीहून जास्त मतांनी.

नंतर पुलास्कीला जेम्स पोक भेटला, पुढे १८४५ साली राष्ट्राध्यक्ष झाला तोच. चारचौघांत पोक म्हणाला, येत्या अधिवेशनात न्यायव्यवस्थेत मोठे फेरबदल होतील असं दिसतं, कर्नल. क्रॉकेट म्हणाला, शक्य आहे साहेब. आणि तिथून सटकला, कारण न्यायव्यवस्था म्हणजे काय ते कोणी विचारलं असतं तर पंचाईत होती.

राजधानी तेव्हा मर्फ्रीसबरोला होती. सप्टेंबर १८२१ मध्ये अधिवेशन भरलं, याला तक्रारी आणि मागण्यांच्या समितीत घातलं. मिचेल नावाच्या एका टापटिपीच्या आमदाराने भाषणात याचा उल्लेख 'वेळूच्या बेटातले सद्गृहस्थ' असा केला. जंगली, असं म्हणायचं होतं. म्हणतात की क्रॉकेटने मिचेल घालायचा तशीच एक झालर पैदा केली, आपल्या जाड्याभरड्या सदऱ्याला टाचली आणि काही न बोलता उभा राहिला. सभागृहाला हसू आवरेना. तेव्हापासून ते नाव त्याने बिरुदासारखं मिरवलं.

अधिवेशन चालू असताना शोल क्रीकला पूर आला. पिठाची गिरणी, बंदुकीच्या दारूचा कारखाना आणि दारू गाळायची भट्टी, तीन हजार डॉलरहून जास्त किमतीचं सगळं वाहून गेलं. त्यात बरेच पैसे बायकोचे. ती म्हणाली, आहे ते विकून लोकांचं देणं फेडून टाक, आपण पुन्हा धडपडू. फेडलं, आणि पश्चिमेला ओबियन नदीकडे निघाले. जवळचं घर सात मैलांवर. त्या नव्या मुलुखातून तो १८२३ साली पुन्हा निवडून आला.

जमिनीच्या भानगडीबद्दल प्रतिसादांत लिहितो, नाहीतर धागा फारच लांबेल.

शेवगा:

वाचतेय. ते पिंपाचं आवडलं. पण दारू पाजून निवडून आला म्हणजे जेवणावळीशिवाय मत नाही हे तिकडेही होतंच की. यात कौतुक कसलं?

तिरफळ:

शेवगा, सगळेच पाजायचे. फरक असा की हा ते उघड सांगून करायचा. १८२३ला समोर डॉ. विल्यम बटलर होते, शिकलेले, पैसेवाले, अँड्र्यू जॅक्सनच्या नात्यातले. क्रॉकेट तर आधी उभाही नव्हता. कोणीतरी थट्टेने वर्तमानपत्रात त्याची उमेदवारी छापली, मग हा पेटला. बटलरना तोंडावर सांगितलं, मी हरणाच्या कातड्याचा सदरा शिवणार, दोन भले मोठे खिसे. एकात दारूची बाटली, दुसऱ्यात तंबाखू. मतदाराला घोट द्यायचा तर तो आधी तोंडातली तंबाखू थुंकणार. घोट झाल्यावर मी त्याला नवी तंबाखू देणार, म्हणजे मी भेटलो तेव्हा होता त्याहून तो गरीब होऊन जायला नको.

आणि बटलरकडे जेवायला गेला तर खाली गालिचा. हा त्यावर पाय ठेवीना. पुढच्या सभांत सांगत सुटला की तुमच्या बायकांच्या अंगावर नाही असल्या कापडावरून हे लोक पायांनी चालतात. २४७ मतांनी जिंकला. पुढे आत्मचरित्रात त्याने बटलरना आपल्याविरुद्ध उभा राहिलेला सगळ्यात हुशार माणूस म्हटलं आहे.

गावठाण:

लेख चांगला. पण मी नोकरीभर जमिनीच्या नोंदींत बुडालेला माणूस, त्यामुळे किश्शांपेक्षा तुम्ही शेवटी टाळलंत ते मला हवंय. नव्या मुलुखात जमीन मोजायची कोणी, नोंदवायची कुठे, आणि एकाच तुकड्यावर दोघांनी हक्क सांगितला तर आधी कोणाचं धरायचं? हे सांगितल्याशिवाय 'गरिबांचा कैवारी' वगैरे बोलण्यात अर्थ नाही.

तिरफळ:

गावठाण काका, तेच मूळ आहे. जमेल तसं मांडतो.

टेनेसी आधी नॉर्थ कॅरोलायनाचा डोंगरापलीकडचा भाग. त्या राज्याने स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या आपल्या सैनिकांना रोख पैशांऐवजी पश्चिमेची जमीन कबूल केली. पूर्ण मुदत नोकरी केलेल्या साध्या शिपायाला ६४० एकर, ब्रिगेडियर जनरलला १२,०००. हातात मिळायचं ते लँड वॉरंट, म्हणजे एवढे एकर तुला देणं लागतो असा कागद. कुठले एकर, ते त्यात नाही. मोकळी जमीन शोधायची, मोजून घ्यायची, नोंदवायची, मग पट्टा. पुढे नॉर्थ कॅरोलायनाने हा मुलूख संघराज्याला दिला, पण आमची वॉरंटं पाळली पाहिजेत अशी अट घालून.

कागद विकता येत होता. म्हाताऱ्या शिपायाला डोंगर ओलांडून शेती करायची नव्हती, त्याने मिळेल त्या भावाला विकला. सट्टेवाल्यांकडे गठ्ठे जमले. जे सैनिक वारस न ठेवता मेले, त्यांची वॉरंटं नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठाकडे गेली, कारण बेवारस मालमत्तेवर त्या राज्यात विद्यापीठाचा हक्क होता. म्हणजे शेकडो मैलांवरची एक शिक्षणसंस्था पश्चिम टेनेसीत जमीनदार.

१८१८ साली चिकसॉ लोकांकडून (ही तिथली मूळ जमात) मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख घेतला आणि ही सगळी कागदं तिकडे धावली. तिथे आधीच क्रॉकेटसारखे लोक येऊन बसले होते. झाडं तोडलेली, मका लावलेला, झोपडी उभी, पण सातबाऱ्यावर नाव नाही. वॉरंटवाला मोजणीदार घेऊन यायचा आणि नदीकाठची चांगली जमीन, बहुतेकदा या साफ केलेल्या शेतासकट, आपल्या नावाने मोजून घ्यायचा. कायद्याने त्यात काही चूक नव्हती. कब्जेदाराने सामान बांधायचं आणि आणखी पश्चिमेला सरकायचं, नाहीतर उरलेल्या खडकाळ तुकड्यावर बसायचं. क्रॉकेट विधानसभेत वॉरंटवाल्यांच्या विरोधात उभा राहायचा तो यासाठी. कुठल्या तत्त्वज्ञानातून नाही, शेजाऱ्यांकडे बघून.

गावठाण:

आता कळलं. मोजणीदार ज्याच्या खिशात, जमीन त्याची. या धंद्यात मोजणीची फी जमिनीतच वळती करून घेणारे लोक असणार, ते सगळ्यात जास्त कमावतात. एक शंका. त्या राज्याची घटना जमीनदारांच्या बाजूची होती का? आमदार व्हायला जमीन लागायची का?

तिरफळ:

लागायची. १७९६च्या घटनेनुसार आमदाराकडे त्याच काउंटीत २०० एकर तरी स्वतःची जमीन हवी. मतदानाला मात्र अट सैल होती, काउंटीत सहा महिने राहिलेला कोणीही स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेला) सज्ञान पुरुष मत देऊ शकायचा. म्हणजे मत देणारे बिनजमिनीचे आणि निवडून जाणारे जमीनवाले. क्रॉकेटसारखा माणूस त्या फटीतून आत गेला. या घटनेत स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही मत होतं, ते पुढे १८३४च्या नव्या घटनेत काढून घेतलं.

मधलीसुट्टी:

सगळं ठीक, पण एक प्रश्न कोणीच विचारत नाहीये. 'चिकसॉ लोकांकडून घेतला' हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. करार करायला कोण गेलं होतं? आयझॅक शेल्बी आणि स्वतः जॅक्सन. किंमत ३ लाख डॉलर, तीही पंधरा वर्षांच्या हप्त्यांनी. त्या जमिनीवर 'मी आधी आलो' असं गोऱ्या कब्जेदाराने म्हणायचं आणि त्याला आपण गरिबाचा हक्क म्हणायचं? त्याच्याही आधी कोण होतं? आणि हा तर क्रीक युद्धात हाती बंदूक घेऊन होता.

तिरफळ:

मान्य आहे आणि ते टाळून क्रॉकेट समजणार नाही. त्याच्या सगळ्या राजकारणाची जमीन त्या करारावर उभी आहे. पण १८३० विसरू नका. जॅक्सन राष्ट्राध्यक्ष, स्थानिक जमातींना मिसिसिपीपलीकडे घालवण्याचा कायदा आला. प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ अशा काठावरच्या मतांनी तो मंजूर झाला. टेनेसीच्या प्रतिनिधींत विरोधात मत देणारा क्रॉकेट एकटा. पुढच्या वर्षीची निवडणूक तो हरला, त्यात या मताचाही हात होता.

आजोळ:

विरोधात मत दिलं ते जमातींच्या प्रेमापोटी की जॅक्सनच्या द्वेषापोटी? दोघांचं फाटलं होतं ते आमदारकीपासूनच. तेव्हा सिनेटर विधिमंडळ निवडायचं. १८२३ साली जॅक्सनला सिनेटवर पाठवायचं ठरलं. समोर जॉन विल्यम्स, आधीचे सिनेटर. जॅक्सन ३५ विरुद्ध २५ असे जिंकले. क्रॉकेटने मत दिलं विल्यम्सना, आणि ते आपलं सगळ्यात चांगलं मत म्हणून आयुष्यभर सांगत राहिला.

दुसरं. या धाग्यातले निम्मे किस्से त्याच्या १८३४च्या आत्मचरित्रातले आहेत. ते केंटकीच्या थॉमस चिल्टन या काँग्रेस सदस्याच्या मदतीने लिहिलं गेलं, आणि तेव्हा जॅक्सनविरोधी व्हिग पक्षाची मंडळी याला पूर्वेकडच्या शहरांत मिरवत होती. १८३१ सालीच न्यू यॉर्कच्या रंगभूमीवर याच्यावर बेतलेलं एक रानटी पात्र गाजलं होतं. म्हणजे 'अडाणी पण सरळ' ही प्रतिमा बाजारात होतीच, पुस्तकाने ती ताब्यात घेतली. एका हंगामात १०५ अस्वलं मारली हा हिशेब कोण तपासणार? न्यायव्यवस्थेचा किस्साही मला फारच सोयीचा वाटतो. दोनेक वर्षं न्यायनिवाडा केलेल्या माणसाने तो शब्द ऐकलाच नव्हता?

तिरफळ:

आजोळ, किश्शांबद्दल तुमची शंका रास्त आहे. झालरीची गोष्टही ऐकीवच, म्हणून 'म्हणतात' लिहिलं. पण मतं नोंदलेली असतात. जॅक्सनचा द्वेष धरला तरी ते सगळं उलगडत नाही, कारण पोकशी त्याचं वाजलं ते याच जमिनीवरून, आणि तेव्हा दोघेही जॅक्सनच्या गोटातले मानले जात.

१८२३ला पोकही टेनेसीच्या विधानसभेत आला, पुढे दोघेही काँग्रेसमध्ये. पोकचा विचार असा की पश्चिमेची उरलेली सरकारी जमीन राज्याला मिळावी, राज्याने ती विकावी आणि पैसा शाळांना द्यावा. ऐकायला किती छान. क्रॉकेट आधी त्याच्या बाजूने होता. १८२९च्या जानेवारीत त्याने पलटी मारली: राज्याला नको, बसलेल्या प्रत्येक कुटुंबाला थेट १६० एकर द्या. त्याचं म्हणणं, राज्य विकायला काढेल तेव्हा घेणारा पुन्हा सट्टेवालाच. आणि शाळा-कॉलेजं होतील ती कोणासाठी? माझ्या मतदारांची पोरं मक्याच्या शेतात राबतायत, त्यांच्या झोपड्या विकून श्रीमंतांची पोरं शिकवायची का? टेनेसीचे बाकीचे सगळे विरोधात गेले, दुरुस्ती पडली. यात त्याला राजकीय फायदा शून्य होता.

मधलीसुट्टी:

शिक्षणाला विरोध करणारा नेता मला तरी कठीण जातो.

गावठाण:

शिक्षणाला नाही, वसुलीच्या वाटेला. जमीन विकून आलेला पैसा कुठल्या गावच्या शाळेत जातो ते मी बघितलंय. पण क्रॉकेटचंही एक चुकलं असं वाटतं. स्वतःच्या राज्याचे सगळे प्रतिनिधी विरोधात घेऊन दुरुस्ती मांडायची म्हणजे ती पडणारच. १६० एकरऐवजी १०० वर तडजोड करून काही पदरात पाडलं असतं तर?

तिरफळ:

तिथे तो खरोखर कच्चा होता. सभेत लोक खिशात घालायचा, सभागृहात मतं जुळवता यायची नाहीत. काँग्रेसच्या तीन मुदती मिळून त्याच्या नावावर एकही कायदा नाही.

शेवगा:

त्याच्या प्रचाराचं अजून काही? गंभीर झाला धागा. :)

तिरफळ:

१८२७चं घ्या. तीन उमेदवार, हा, अलेक्झांडर आणि अर्नोल्ड. अर्नोल्डने भाषणात फक्त अलेक्झांडरला उत्तरं दिली, याचं नावही घेतलं नाही. तेवढ्यात गिनी कोंबड्यांचा थवा आला आणि एवढा कलकलाट केला की त्याला थांबून त्या हाकलायला लावाव्या लागल्या. भाषण संपल्यावर क्रॉकेट सगळ्यांसमोर त्याला म्हणाला, पक्ष्यांची भाषा कळणारे तुम्ही पहिलेच. तुम्ही माझं नाव घेत नव्हता, म्हणून माझ्या या मैत्रिणी 'क्रॉकेट, क्रॉकेट' ओरडायला लागल्या, तर तुम्ही त्यांनाच हाकललंत! अर्थात निवडून आला.

नॅशविलकर:

वाचनखूण साठवली. इकडे राहणाऱ्यांसाठी माहिती: लॉरेन्सबर्गला त्याच्या नावाचं स्टेट पार्क आहे, शोल क्रीक त्यातूनच वाहतो. गावाच्या चौकात पुतळा आहे. पश्चिमेला रदरफर्ड गावात त्याच्या घराची प्रतिकृती आहे, तिथेच त्याच्या आईची कबर. नॅशविलहून दोन्ही एकाच दिवसात करायचा हट्ट धरू नका, दिशा वेगळ्या आहेत. अवांतर: दुकानांत टोप्या अजून मिळतात.

शेवगा:

आणि एलिझाबेथचं काय झालं? नवरा सतत निवडणुकीत नाहीतर अस्वलांच्या मागे. गिरणी बुडाली तीही तिच्या पैशांची.

तिरफळ:

शेवटी शेवटी ती वेगळीच राहत होती, नातेवाइकांजवळ. १८३५ला क्रॉकेट अ‍ॅडम हंट्समन या लाकडी पाय असलेल्या वकिलाकडून हरला. मतदारांना तुम्ही खड्ड्यात जा, मी टेक्सासला जातो, अशा अर्थाचं बोलून निघाला तो १ नोव्हेंबरला. ६ मार्च १८३६ला अलामो पडलं, तेव्हा तो ४९ वर्षांचा. टेक्सासमधून धाडलेल्या शेवटच्या पत्रातही जमिनीचंच वर्णन आहे, इतका सुपीक मुलूख दुसरीकडे पाहिला नाही वगैरे.

पॉलीपासूनचा थोरला मुलगा जॉन वेस्ली १८३७ साली बापाच्याच जागेवर काँग्रेसमध्ये गेला. १८४१ साली त्याने टेनेसीच्या जमिनीचा कायदा बदललेल्या रूपात मंजूर करून घेतला. बापाला तीन मुदतींत जमलं नव्हतं ते. गावठाण काका, तडजोड करूनच.

नवरा टेक्साससाठी लढला म्हणून एलिझाबेथला तिथे जमीन कबूल झाली होती. ती १८५४च्या सुमारास मुलाबरोबर तिकडे राहायला गेली आणि १८६० साली वारली. अ‍ॅक्टन गावात तिची कबर आहे. टेक्सासमधलं ते सगळ्यात छोटं सरकारी स्मारक, एका कबरीपुरतं.

गावठाण:

म्हणजे शेवटी कागद मिळाला तो बायकोला. त्या १८४१च्या कायद्यावर स्वतंत्र धागा काढा, कब्जेदाराला खरेदीत अग्रक्रम कसा ठरवला ते वाचायचंय.

मधलीसुट्टी:

काढा. पण त्यात चिकसॉ करार एका वाक्यात उरकू नका, नाहीतर मी पुन्हा येतेच.